बिंदू, रिकामी पेटी आणि लाल ट्रॅक्टर: देवाचं चित्र नसतानाही चित्र आध्यात्मिक कसं असतं?

कळंब तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा आहे. चैत्र पौर्णिमेला इथे येडेश्वरी देवीची मोठी यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली रानात येते आणि जमलेली माणसं त्या रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. गळ्यात कवड्यांची माळ घातलेले आराधी, परडी घेतलेल्या बाया, आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं, सगळे वाकून खडे शोधत असतात. याच चुन्यानं देवीचं मंदिर रंगवायची परंपरा आहे. त्यानंतर पालखी आमराईत मुक्कामाला जाते.

आता कल्पना करा. मुंबईतल्या एखाद्या आर्ट गॅलरीत पांढऱ्या फरशीवर चुनखडीच्या खड्यांचा ढीग मांडला आहे. शेजारी छोटी पाटी, वरून दिव्याचा झोत. खडे तेच, रानही तेच. पण येरमाळ्यात वाकून खडा उचलणारी बाई इथे काय म्हणेल? आणि येरमाळा कधीच न पाहिलेला माणूस त्या ढिगापुढे उभा राहून काय समजेल?

'समकालीन कला आणि अध्यात्म' या विषयावर जगभर जी समूह प्रदर्शनं भरतात, त्या सगळ्यांपुढचा प्रश्न हाच आहे. समूह प्रदर्शन म्हणजे एकाच विषयाच्या धाग्यात अनेक कलाकारांची कामं एकत्र मांडणं. मध्य आशियातल्या कझाकस्तानचे कलाकार गेली तीसेक वर्षं या प्रश्नाशी झगडत आहेत. त्याच्याही आधी भारतात एक अख्खी पिढी तो सोडवायला बसली होती, आणि तिच्यातली काही महत्त्वाची माणसं महाराष्ट्रात घडलेली होती. त्या प्रवाहाला 'निओ-तंत्र' म्हणतात. मराठीत सांगायचं तर नव-तंत्र.

आधी 'तंत्र' या शब्दाचं काय ते पाहू

मराठवाड्यात तंत्र म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो मांत्रिक. लिंबू-मिरची, भानामती, गुप्तधनाच्या बातम्या. या नावाखाली फसवणूक आणि अत्याचार झाले आहेत, म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्यामुळे 'तंत्र चित्रकला' हे नाव ऐकून कुणी दचकलं तर त्यात नवल नाही.

पण तंत्र ही मुळात ग्रंथांची आणि साधनेची जुनी परंपरा आहे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीपासून ती हिंदू, बौद्ध आणि जैन या तिन्ही धर्मांत दिसते. तिच्यातली एक गोष्ट चित्रकारांच्या उपयोगाची होती. ती म्हणजे यंत्र. इथे यंत्र म्हणजे मशीन नव्हे, तर ध्यानासाठी काढलेली भौमितिक आकृती. मधोमध बिंदू, त्याभोवती त्रिकोण, मग वर्तुळं, कमळाच्या पाकळ्या आणि सगळ्यात बाहेर चार दारं असलेला चौकोन, ज्याला भूपूर म्हणतात. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण एकमेकांत गुंफलेले असतात. वर टोक असलेले चार शिवाचे आणि खाली टोक असलेले पाच शक्तीचे. त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस छोटे त्रिकोण तयार होतात. साधक नजर बाहेरून आत नेतो आणि शेवटी बिंदूवर थांबतो.

म्हणजे इथे देवीचं चित्र काढलेलं नाही. चेहरा नाही, हात नाहीत, शस्त्रं नाहीत. तरी साधकासाठी ती देवीच आहे.

हे ऐकायला अवघड वाटतं, पण धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे नवं नाही. घरात गोंधळ घालतात तेव्हा पाटावर कोरं कापड अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात, मध्ये कलश, वर नारळ, भोवती उसाची किंवा ज्वारीची ताटं उभी करतात आणि शेजारी दिवटी पेटवतात. देवी तिथे 'येते', मूर्ती असो वा नसो. माहूरच्या रेणुकेचं रूप तांदळा आहे, म्हणजे पूर्ण घडवलेली मूर्ती नसून शेंदूर चढलेला मुखवटाच. गावाच्या शिवेवरचा म्हसोबा तर शेंदूर लावलेला नुसता दगड. आकार आणि देव यांचं नातं सरळ 'हुबेहूब' नसतं, हे इथल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

येडाईच्या कथेतही हेच आहे. या भागात सांगतात की वनवासात रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, आणि रामानं तिला लगेच ओळखलं. रूप सीतेचं होतं, पण ओळख रूपावर अडली नाही.

१९८५, लॉस एंजेलिस

१९६६ मध्ये अजित मुखर्जी यांचं 'तंत्र आर्ट' हे पुस्तक आलं. मुखर्जी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमचे संचालक होते आणि त्यांनी यंत्रं, मंडलं, शाळिग्राम, जुने पट असा मोठा संग्रह जमवला होता. रंगीत छपाईतल्या त्या आकृत्या पाहून अनेकांना धक्का बसला. युरोपातले आधुनिक चित्रकार जे वर्तुळ-चौकोन विसाव्या शतकात 'शोधून काढत' होते, ते इथल्या अनाम हातांनी शेकडो वर्षं आधी काढून ठेवले होते. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत तंत्रकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. तो हिप्पींचा काळ होता आणि पश्चिमेला भारतीय अध्यात्माची भूक लागली होती.

भारतातले चित्रकार मात्र त्याआधीच कामाला लागले होते. मद्रासमध्ये के. सी. एस. पणिक्कर १९६३ पासून 'वर्ड्स अँड सिम्बॉल्स' ही मालिका करत होते. तिच्यात कुंडलीसारखी कोष्टकं, वाचता न येणारी अक्षरं आणि खुणा असत. काश्मीरचे गुलाम रसूल संतोष १९६४ मध्ये अमरनाथला गेले आणि त्या अनुभवानंतर त्यांची चित्रकलाच बदलली. त्यांनी काश्मिरी शैव तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि शिव-शक्तीच्या सममित, प्रकाशमान आकृत्या रंगवल्या. (संतोष हे त्यांच्या पत्नीचं नाव. ते त्यांनी स्वतःच्या नावाला जोडलं.) दिल्लीत बिरेन डे, केरळचे के. व्ही. हरिदासन, हैदराबादचे पी. टी. रेड्डी, कोपनहेगनला जाऊन राहिलेले सोहन कादरी असे अनेकजण या वाटेवर होते. हे सगळे एका गावचे नव्हते, एका गुरूचे नव्हते आणि त्यांनी कुठला जाहीरनामाही काढला नव्हता.

१९८५ मध्ये अमेरिकेत 'फेस्टिव्हल ऑफ इंडिया' सुरू झाला. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या फ्रेडरिक वाइट गॅलरीत एक समूह प्रदर्शन भरलं. नाव होतं 'निओ-तंत्र: परंपरेतून प्रेरणा घेतलेली समकालीन भारतीय चित्रकला'. वेगवेगळ्या वाटांनी चाललेल्या चित्रकारांना एका छपराखाली आणून त्यांना एक नाव देण्याचं काम या प्रदर्शनानं केलं. समूह प्रदर्शनाची ताकद ती हीच आणि त्याची अडचणही हीच. नाव मिळालं की लोकांना लक्षात राहतं. पण एकदा शिक्का बसला की प्रत्येकाचं वेगळेपण त्याखाली झाकलं जातं.

गिरगावातून म्युनिकला गेलेली वाट

इथे थोडं मागे जायला हवं, कारण 'अमूर्त चित्रकला पश्चिमेची, अध्यात्म आपलं' अशी सोपी वाटणी करायची सवय आहे. इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे.

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांनी गिरगावात मुक्काम केला. त्याच वर्षी त्यांचं 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईतून सुरू झालं. १८८२ च्या शेवटी ते मद्रासजवळच्या अड्यारला गेले. हिंदू आणि बौद्ध विचारांची त्यांनी स्वतःची एक मिसळ केली होती आणि ती युरोपभर पोचली. पुढे याच सोसायटीच्या ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी 'थॉट-फॉर्म्स' नावाचं पुस्तक काढलं. भावना आणि विचार यांना रंग आणि आकार असतात, असा त्याचा दावा होता, आणि त्यात तशी चित्रंही होती. वासिली कँडिन्स्कीनं ते वाचलं होतं. १९११ मध्ये म्युनिकहून त्याचं 'कलेतल्या आध्यात्मिकतेविषयी' हे पुस्तक आलं, जे अमूर्त चित्रकलेचं पायाभूत पुस्तक मानलं जातं. मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासूनच असली चित्रं काढत होती, पण जगानं ती पहिल्यांदा पाहिली १९८६ मध्ये, 'कलेतली आध्यात्मिकता' या विषयावरच्या समूह प्रदर्शनात. तेही लॉस एंजेलिसमध्येच भरलं होतं, निओ-तंत्रच्या पुढच्याच वर्षी.

थोडक्यात, मुंबईच्या चित्रकारांनी १९५०-६० च्या दशकांत कँडिन्स्की आणि पॉल क्ली यांची पुस्तकं उघडली, तेव्हा त्यांच्या हाती जे आलं त्यात आपल्याकडून गेलेला काही माल होताच. फक्त तो ओळखू येईल अशा वेष्टनात नव्हता.

रझांचा बिंदू

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. चित्रकलेचं शिक्षण आधी नागपुरात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात ते होते. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढची साठ वर्षं तिथेच राहिले.

लहानपणी त्यांचं वर्गात लक्ष लागत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. ही आठवण रझांनी आयुष्यभर सांगितली. पॅरिसमध्ये निसर्गचित्रं काढून नाव झाल्यावर १९७० च्या दशकात त्यांना वाटू लागलं की आपल्या कामात आपलं काही नाही. ते पुन्हा पुन्हा भारतात आले. अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान पाहिलं. आणि १९८० मध्ये तो ठिपका मोठा होऊन कॅनव्हासच्या मधोमध बसला. त्यानंतर बिंदू, पंचतत्त्व, बीज-अंकुर, पुरुष-प्रकृती हेच त्यांचे विषय झाले.

रझा मुसलमान घरातले, संतोषही मुसलमान घरातले. निओ-तंत्राची चर्चा करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी ही आकृती जन्मानं मिळालेला हक्क नव्हती. ती त्यांनी अभ्यासानं आणि आठवणीनं आपलीशी केली.

बर्वे: चिन्हातून बाहेर पडलेला माणूस

महाराष्ट्राच्या बाजूनं पाहिलं तर या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात विचार करायला लावणारं नाव म्हणजे प्रभाकर बर्वे. जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. प्रसिद्ध शिल्पकार विनायकराव करमरकर त्यांच्या नात्यातले. १९५९ मध्ये त्यांनी जे. जे. मधून पदविका घेतली आणि नंतर सरकारच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी धरली. हातमाग विणकरांसाठी नवी डिझाइन्स करून द्यायची, हे या केंद्राचं काम. नोकरीनं त्यांना बनारसला नेलं.

बनारसमध्ये तंत्र पुस्तकातून शिकावं लागत नाही. ते घाटावर, गल्लीत, देवळाच्या ओसरीत समोरच असतं. साठच्या दशकातल्या बर्वेंच्या चित्रांत यंत्रं आली, त्रिकोण आले, पोथीतल्यासारख्या खुणा आल्या. ते तिथेच थांबले असते तर आज त्यांचं नाव निओ-तंत्राच्या यादीत एका ओळीत संपलं असतं.

पण मुंबईला परतल्यावर हळूहळू त्यांच्या चित्रातून तांत्रिक चिन्हं गळून पडली. त्यांच्या जागी आल्या घरातल्या वस्तू. किल्ली, घड्याळ, पान, फळ, पाकीट, पेटी. या वस्तू टेबलावर ठेवलेल्या नसतात. सपाट, शांत अवकाशात त्या तरंगत असतात. कुणाची सावली चुकीच्या बाजूला पडते, कुणाची बाह्यरेषा वस्तूपासून सुटून शेजारी जाऊन उभी राहते. रंगासाठी त्यांनी बऱ्याचदा एनॅमल वापरला, म्हणजे दुकानाची शटरं आणि पाट्या रंगवणारे पेंटर ज्याला नुसतं 'ऑइलपेंट' म्हणतात तसला रंग. त्याला ब्रशचे फटकारे दिसत नाहीत. तो गुळगुळीत, थोडा निर्विकार बसतो. त्यामुळे चित्र काढणाऱ्याचा आवेश दिसेनासा होतो आणि वस्तू एकटी उरते.

इथेच बर्वे बाकीच्यांपासून वेगळे होतात. निओ-तंत्रातल्या बहुतेकांनी परंपरेकडून चिन्ह घेतलं. बर्वेंनी चिन्ह सोडून दिलं आणि त्यामागची कृती ठेवली. यंत्र समोर ठेवून साधक काय करतो? एका आकाराकडे इतका वेळ बघतो की तो आकार नेहमीचा राहत नाही. मग ते किल्लीकडे पाहूनही करता येईल. त्यासाठी त्रिकोणच हवा असं नाही. १९९० मध्ये मौज प्रकाशनानं त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक काढलं. चित्र सुचतं कसं, वस्तू आणि तिची प्रतिमा यांत काय अंतर असतं, रिकामी जागा चित्रात काय करते, याबद्दलचं ते चिंतन आहे. चित्रकारानं मराठीत लिहिलेली अशी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यात अध्यात्माचे मोठे शब्द जवळपास टाळलेले आहेत, हे विशेष.

६ डिसेंबर १९९५ रोजी बर्वे गेले. त्यानंतर तेवीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात म्हणजे एनजीएमएत त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याचं नाव होतं 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स', रिकाम्या पेटीच्या आत.

वासुदेव गायतोंडे यांचाही उल्लेख इथे हवा, जरी त्यांना निओ-तंत्रात बसवणं चूक ठरेल. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले, जे. जे. मध्ये शिकलेले गायतोंडे झेन विचाराकडे वळले. मुंबईत खेतवाडीत बिडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज मराठीतून जे निरूपण करत, तेही ते ऐकायला जात. गायतोंडेंच्या चित्रात कसलंच चिन्ह नसतं. रोलर आणि सुरीनं चढवलेले, खरवडलेले रंगाचे थर, आणि त्यातून मागून येणारा उजेड. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. 'याचा अर्थ काय' या प्रश्नाला त्यांची चित्रं अजिबात दाद देत नाहीत.

आणि तिकडे लाल ट्रॅक्टर

आता कझाकस्तान. क्षेत्रफळानं जगातला नवव्या क्रमांकाचा देश, गवताळ मैदानांचा, मुळात भटक्या पशुपालकांचा. सोव्हिएत राजवटीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जनावरं काढून घेऊन लोकांना सामूहिक शेतीत कोंबण्यात आलं. त्यातून आलेल्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. लिपी दोनदा बदलली, आधी अरबीची लॅटिन, मग लॅटिनची सिरिलिक. सूफी, शामन, मुल्ला, तंबूत राहण्याची पद्धत, सगळ्यावर घाव बसला. १६ डिसेंबर १९९१ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या कलाकारांपुढचा पहिला प्रश्न होता: आपल्याकडे उरलंय काय?

दक्षिणेतल्या शिमकेंत शहरात त्याच सुमारास काही कलाकार एकत्र आले. त्यांनी गटाचं नाव ठेवलं 'किझिल ट्रॅक्टर', म्हणजे लाल ट्रॅक्टर. सामूहिक शेतीचं ते निशाण. आत थट्टा आहे आणि कडवटपणाही. मोलदाकुल नारिम्बेतोव, सैद अताबेकोव, स्माइल बयालिएव, अरिस्तानबेक शलबाएव, विताली सिमाकोव अशी या गटातली नावं. शिमकेंतपासून तुर्किस्तान शहर फार लांब नाही. तिथे खोजा अहमद यासवी या सूफी संताचा दर्गा आहे. तो चौदाव्या शतकाच्या शेवटी तैमूरनं बांधायला घेतला. या कलाकारांनी नमदा, चामडं, लाकूड, दोर अशा भटक्यांच्या वस्तू उचलल्या. सूफी दरवेशांची, शामनांची, आकाशदेव तेंग्रीची आठवण त्यात मिसळली. स्वतः दरवेशांसारखे कपडे घालून ते रस्त्यावर, मैदानात उतरले, वाद्यं वाजवली, फिरले. २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूजर्सीत त्यांच्या कामाचं प्रदर्शन झालं.

अल्माटीचे रुस्तम खाल्फिन (१९४९-२००८) यांनी वेगळीच गोष्ट केली. ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबला की बोटांच्या आतली पोकळी त्या मातीवर उमटते. या आकाराला त्यांनी 'पुलोता' असं स्वतः बनवलेलं नाव दिलं. रशियनमधल्या 'पोकळी' आणि 'भरलेपण' या दोन शब्दांना जोडून ते झालं आहे. मूठ रिकामी आहे, पण त्या रिकामेपणाला आकार आहे. बर्वेंची रिकामी पेटी आणि खाल्फिनची रिकामी मूठ शेजारी ठेवून कुणी अजून प्रदर्शन भरवलेलं नसेल, तर भरवायला हवं.

दोन देशांतला फरक मात्र मोठा आहे. कझाक कलाकाराला धागा तुटलेला मिळाला. दरवेशाचा झगा त्यानं घातला तेव्हा बघणाऱ्या अनेकांनी तो खऱ्या आयुष्यात पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे त्याचं काम आठवण जागी करण्याचं होतं. आपल्याकडे धागा तुटलेला नाही. परडी घेऊन जोगवा मागणारी बाई आजही मंगळवारी दारात येते. इथे अडचण उलटी आहे. गोष्ट इतकी ओळखीची आहे की ती दिसतच नाही, आणि गॅलरीत नेली की 'आमचा देव तुम्ही तमाशाला लावला' असं कुणी म्हणू शकतं.

मग हे खरं, की सजावट?

निओ-तंत्रावर टीका झाली ती याच मुद्द्यावर. तंत्रात दीक्षा असते, गुरू असतो, वर्षानुवर्षांचा नेम असतो. चित्रकारानं त्यातला त्रिकोण उचलला आणि दिवाणखान्यात टांगला, तर साधना कुठे राहिली? शिवाय पश्चिमेच्या बाजाराला 'भारतीय' दिसणारं काहीतरी हवंच होतं, आणि यंत्र फार सोयीचं होतं. ओळखू येणारं, गूढ, देखणं. या प्रवाहातली काही चित्रं आज पाहताना खरंच ग्रीटिंग कार्डासारखी वाटतात. सममिती आहे, चमक आहे, पण पाच मिनिटं बघितल्यावर पुढे काही होत नाही.

पैशाचाही प्रश्न आहे. रझांचं 'जेस्टेशन' हे १९८९ चं चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत पंडोल्सच्या लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेलं. त्या चित्राच्या मध्यभागीही तोच काळा बिंदू आहे, जो एका खेड्यातल्या गुरुजींनी भिंतीवर फुकट काढून दिला होता. याचा दोष चित्रकाराला देता येत नाही. पण 'आध्यात्मिक कला' बघायला कोण जातं, विकत कोण घेतं आणि ज्यांच्या घरादारातून ती चिन्हं आली त्यांच्यापर्यंत ती परत येते का, हे विचारायला हवंच.

उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं. येरमाळ्याच्या रानात चुनखडी वेचणाऱ्या कुणालाही 'तुम्ही सामूहिक कलाकृती करताय' असं सांगितलं तर ते हसतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्यासाठी तो नवस आहे, नेम आहे. पण कलेच्या भाषेत बघितलं तर त्यात सगळं आहे: एक साहित्य, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हजारो हात, आणि शेवटी पांढरं झालेलं मंदिर. फरक इतकाच की ते बघायला कुणी येत नाही. सगळे करायलाच येतात.

अशी चित्रं पाहायची कशी?

कळंबच्या शाळांमधली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसतात. तिथे स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती असते. गंमत म्हणजे या प्रवाहातल्या चित्रांकडे जायच्या वाटा याच आहेत. बर्वे म्हणजे स्थिरचित्र आणि स्मरणचित्र एकमेकांत गेलेलं. रझा आणि संतोष म्हणजे भूमिती आणि संकल्पचित्र. परीक्षेत मार्क मिळतात ते आकार बरोबर आल्याचे. इथे बघायचं ते आकार कुठे मुद्दाम चुकवलाय.

पहिली गोष्ट, पाटी आधी वाचू नये. नाव वाचलं की डोकं लगेच अर्थ लावायला धावतं. दुसरी, नजर चित्रात कुठून शिरते आणि कुठे थांबते ते पाहावं. यंत्रावर बेतलेल्या चित्रात ती मध्ये जाते. बर्वेंच्या चित्रात ती भटकते. गायतोंडेंच्या चित्रात तिला धरायला काही सापडत नाही आणि थोड्या वेळानं ती शोधायचं सोडते. या तिन्हींत जे होतं ते वेगवेगळं आहे, आणि 'आध्यात्मिक' या एका शब्दात ते कोंबायची घाई प्रदर्शन भरवणाऱ्यांनाच जास्त असते.

आणि ही चित्रं पाहायची कुठे? 'कोरा कॅनव्हास' एखाद्या चांगल्या ग्रंथालयात मिळू शकतं. प्रत्यक्ष चित्रांसाठी मात्र मुंबई गाठावी लागते. काळा घोडा भागात एनजीएमए आहे, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत. सोमवारी ते बंद असतं, आत जायला तिकीट लागतं, आणि कुठली चित्रं मांडली आहेत ते प्रदर्शनागणिक बदलतं, म्हणून आधी चौकशी करून जावं. समोरच १९५२ पासून चालू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे प्रवेश मोफत आहे आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातले चित्रकार तिथे आपली कामं मांडतात. धाराशिवहून रात्री लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी येतं. तिथून काळा घोडा पायी वीसेक मिनिटांवर आहे.